मला गाडी म्हणू नका

मी एक जुनी काळी सायकल आहे. पण मित्रांनो, ज्या गावात माझं आयुष्य गेलं तिथे मला सायकल म्हणणारं कोणी नव्हतं. मला गाडी म्हणायचे. विठूची गाडी. ते नाव मला फार आवडायचं. पुढे त्याच नावाने आमच्या माणसांचा रस्ता खाल्ला. तो कसा खाल्ला आणि खाल्लेला परत कसा ओकायला लावला, तेवढंच मला सांगायचं आहे. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. लोखंड आहे, रबर आहे आणि बराचसा गंज आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तो मला आठवत नाही. कारखान्यात सगळ्याच सारख्या असतात. माझी पहिली आठवण पेणच्या बाजारातल्या दुकानाची. आमच्या दुकानासमोर गणपतीची शाळा होती. तिथे रंग न लागलेल्या मूर्ती ओळीने सुकत ठेवलेल्या असायच्या. इकडे मी, अंगाला खाकी कागद गुंडाळलेली. ते देव आणि मी, दोघंही गिऱ्हाइकाची वाट बघत होतो.

एक दिवस विठू आला. खाडीकडच्या गावचा जवान गडी. मिठागरात काम करायचा. पायांना मिठाने भेगा पडलेल्या. मला हात लावायच्या आधी त्याने दोन्ही तळहात पँटला पुसले आणि हळूच घंटी वाजवली.

"ही गाडी द्या," तो म्हणाला.

दुकानदार हसला. "गाडी नाही रे बाबा. सायकल आहे ती."

"आमच्यात गाडीच म्हनतात."

चक्क खोटं बोलला. त्याच्या घरात तोवर कोणाकडे गाडीही नव्हती आणि सायकलही नव्हती. पण मला ते खोटं इतकं गोड लागलं की मी त्या दिवसापासून त्याची झाले.

तेव्हा रोह्याजवळ धाटावला कंपन्या उभ्या राहत होत्या. विठूला तिथे काम लागलं. कपड्यांची वळकटी माझ्या कॅरियरला बांधून तो पेणहून नागोठण्याच्या रस्त्याने रोह्याला आला. वरसे गावाच्या पलीकडे एक लहानसं गाव आहे. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर वाल. त्या गावात त्याने खोली घेतली, तिथल्याच कृष्णाबाईशी लग्न केलं आणि तो तिथलाच झाला. कृष्णाबाई पहिल्यांदा कॅरियरवर बसली तेव्हा तिने एका हाताने डोक्यावरचा पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझी सीट. विठूला धरायची तिला लाज वाटत होती. सगळा गाव ओट्यावर येऊन बघत होता.

"विठूची गाडी बघा गो!" बायका एकमेकींना सांगत होत्या.

त्या आळीत चाकाची पहिली वस्तू मीच. पुढे घरोघर सायकली आल्या, पण शब्द विठूने घालून दिला तो दिलाच. एखादं पोर चुकून सायकल म्हणालं की विठू त्याला थांबवायचा. "गाडी म्हन. पायात घालतो त्याला आपन चपला म्हनतो, कातडं म्हनत नाय."

मित्रांनो, तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. पण ज्याच्या पाच पिढ्या अनवाणी चालल्या त्याच्या तोंडात तो शब्द कसा बसत असेल, याचा विचार करा. गाडी म्हणजे आता मी चालत नाही. गाडी म्हणजे मीही कोणीतरी आहे.

त्या काळी सरकारही मला ओळखायचं. वर्षाचा कर भरला की नगरपालिकेचा एक बिल्ला मिळायचा, तो मला हँडलखाली लावलेला होता. बिल्ला नसला की दंड भरा. दिवा नसला की पोलीस अडवायचा. मागे कोणी बसलं की 'डबल सीट का?' म्हणून शिट्टी मारायचा. कृष्णाबाई नाका आला की टुणकन उतरायची, पोलिसासमोरून चालत जायची आणि पुढे पिंपळाखाली पुन्हा बसायची. आम्हाला राग यायचा. आता वाटतं, तो पोलीस बरा होता. तो मला बघत तरी होता. पुढे बिल्ला बंद झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी पण सोडला. मूर्ख होते. सरकारने ज्याच्याकडून घ्यायचं बंद केलं, त्याच्याकडे बघायचंही बंद केलं, हे मला फार उशिरा कळलं.

ती वर्षं मात्र सुखाची होती. रस्ता अरुंद होता, खड्ड्यांचा होता, पण त्याच्या दोन्ही अंगांना मातीची कड होती. तिला आम्ही साइडपट्टी म्हणायचो. ट्रक आला की आम्ही खाली साइडपट्टीवर, ट्रक गेला की पुन्हा वर. शिफ्ट सुटली की धाटावहून गावाकडे आमची रांग लागायची. पुढचा घंटी वाजवायचा, मागचा उत्तर द्यायचा. कोणी बायकोच्या तक्रारी सांगायचा, कोणी साहेबाची नक्कल करायचा. पोपटीच्या, म्हणजे शेंगा मडक्यात भाजायच्या दिवसांत तर वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा धूर शेतातून रस्त्यावर यायचा आणि सगळी रांग आपोआप त्या शेताकडे वळायची.

मग मोटारसायकली आल्या. गावातली तरणी पोरं त्या घेऊन भुर्रकन जाऊ लागली. विठू निवृत्त झाला, कृष्णाबाई गेली, आणि माझं पडवीत बस्तान बसलं. माझ्या सीटवर वालाची पोती, हँडलला सुंभाच्या दोऱ्या, कॅरियरवर एक कोंबडी अंडी घालायची. विठू तिला हुसकायचा. "ऊठ गो, गाडी हाय ती, खुराडं नाय." पण पुसायचा नाही. त्याचे गुडघे गेले होते, आणि मला बघितलं की त्याला कृष्णाबाई आठवायची.

मला पडवीतून बाहेर काढलं ते सरूने. सरू म्हणजे विठूची सून. तिचा नवरा गोविंदा पेणला गणपतीच्या शाळेत रंगकाम करतो, सणाच्या आधी महिनोन्‌महिने तिकडेच. सरूला धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईचं काम मिळालं. कंपनीची बस गावावरून जायची, पण ती कायम कामगारांची. ठेकेदाराच्या बायकांनी हात दाखवला तरी थांबायची नाही. अर्धी बस रिकामी असायची, मित्रांनो. रिकाम्या सीटना खिडकीतून वारा खाऊ घालत न्यायचे, पण बाईला बसू द्यायचे नाहीत. याला ते नियम म्हणायचे.

"मामंजी," सरू म्हणाली, "गाडी मी नेऊ?"

विठू ओट्यावर सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "दांडीची गाडी हाय ती. लुगड्यात कशी बसशील?"

"ड्रेस घालीन."

"गाव काय म्हनल?"

"गाव मला कामावर सोडायला येनार हाय का?"

विठूने सुपारी तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. मग उठून त्याने कोंबडीला उडवलं आणि स्वतःच्या हाताने वालाची पोती खाली उतरवली. एवढंच. होय म्हणाला नाही.

रोह्यात केरूचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला उलटी टांगली, चाकं फिरवून बघितली. "वैनी, ही म्हातारी अजून आपल्या दोघांना पोचवील," तो म्हणाला. माझ्या अंगाला पुन्हा तेल लागलं. सरूबरोबर मग रंभा निघाली, पुतळी निघाली. बाजूच्या वाड्यांतल्या बायका आल्या. ज्या रस्त्याने एकेकाळी विठूच्या जोडीदारांची रांग जायची, तिथून आता बायकांची रांग जाऊ लागली. घंट्या पुन्हा एकमेकींना उत्तरं देऊ लागल्या. मला वाटलं, माझं म्हातारपण सोन्याचं झालं.

आणि मग रस्ता मोठा करायला घेतला.

रस्ता मोठा होतोय म्हटल्यावर गावाने पेढे वाटले. काय मोठं झालं ते नंतर दिसलं. नवा रस्ता जुन्यापेक्षा वीतभर उंच आला. साइडपट्टी त्याच्या पोटात गेली. डांबर जिथे संपतं तिथे एकदम खाली उतार, उतारात खडी, खडीखाली चर. आता मागून टँकर आला तर उतरायचं कुठे? वर राहिलात तर टँकरखाली, खाली गेलात तर चरात. मधे माणसाला जागा ठेवलेलीच नाही. असा रस्ता कोण आखतो? मी सांगते. जो त्या रस्त्याने काचा लावून जातो, तो आखतो.

पहिली पडली रंभा. टँकरच्या वाऱ्यानेच तिचं हँडल वाकडं झालं. चरात पडली, हाताचं हाड मोडलं. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई घेतली. सरू आणि पुतळी तिला बघायला गेल्या, तर ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून म्हणाली, "सरू गो, हात बसल. काम गेलं ते बसायचं नाय."

त्या संध्याकाळी विठूने सरूला ओट्यावर बसवलं. "उद्यापास्नं गाडी न्यायची नाय."

"आनि काम?"

"काम गेलं तं गेलं. मला सून पायजे."

"मामंजी, मी घरात बसले तं पोरांची शाळा कोन बघल? गोविंदाचा रंग चार महिन्यांचा."

विठूने काठी उचलून रस्त्याकडे रोखली. मग म्हणाला, "रस्त्याला कड करून आन, मग जा."

रागाने म्हणाला होता. जसं एखाद्याला म्हणावं, आभाळ काढून आण. पण सरूने ते खरं धरलं. तिने ठेकेदाराकडे आजारपणाची रजा मागितली, आणि तो म्हणाला, आठवडाभर थांबतो, मग दुसरी बघतो. आता मित्रांनो, तुम्हाला कळलं असेल काय पणाला लागलं होतं. कड नाही, तर काम नाही.

रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या कचेरीत सरू गेली, बरोबर पुतळी आणि केरू. मला त्यांनी खिडकीखाली लावलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. साहेब तरुण होता. वाईट नव्हता. त्याने बायकांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. "दिल्लीचं धोरणसुद्धा हेच सांगतं. रस्ता माणसांना नेण्यासाठी असतो, गाड्यांना नेण्यासाठी नाही. चालणारा आणि सायकलवाला आधी."

"मग?"

"ते शहरांसाठी आहे. हा रस्ता शहरात येत नाही."

"आमच्या टांगा शहरातल्या टांगांपरीस निराळ्या हायत का?" पुतळीने विचारलं.

साहेब हसला, पण ओशाळून. "तसं नाही. जिथे सायकली जास्त, तिथे मी वेगळी पट्टी मागू शकतो. पण तुमच्या रस्त्यावर सायकली नाहीतच. तुमच्या गावाची पाहणी झाली आहे. घरोघर जाऊन विचारलं आहे. तुमच्या गावात एकही सायकल नाही."

केरू खुर्चीतून अर्धा उठला. "एक पन नाय? मग मी रोज पंक्चर कोनाचे काढतो? बैलांचे?"

"सगळ्यांकडे दुचाकी आहे, असं उत्तर आलं आहे. जवळजवळ प्रत्येक घरात. त्या मानाने तुमचं गाव पुढारलेलं आहे."

"व्हय," सरू म्हणाली. "गाडी हाय ना. पाहणीवाली पोरगी आली होती, मीच सांगितलं तिला. तिनं विचारलं, कामाला कशानं जाता? मी म्हटलं, गाडीनं. ती म्हनाली, दुचाकी का? मी म्हटलं, मग काय तीन चाकांची असल?"

"मग झालं तर."

"माझी गाडी बाहेर उभी हाय. बघा की."

साहेबाने खिडकीतून मान बाहेर काढली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी त्याच्या नाकासमोर होते आणि त्याला दिसत नव्हते.

"कुठे आहे?"

"ही काय, काळी!"

"ही? ताई, ही तर सायकल आहे."

"मग? गाडीच ना?"

मग केरूने कपाळावर हात मारला तो एवढ्या जोरात की बाहेर ऐकू आला. आणि मला, मित्रांनो, माझ्या लाडक्या नावाचा अर्थ त्या क्षणी कळला. आम्ही अभिमानाने गाडी म्हणालो, त्यांनी मोटारसायकल ऐकलं. पाहणीवाल्या पोरीने एकदा पडवीत डोकावून बघितलं असतं तर? पण तिला उन्हात शंभर घरं करायची होती. तिला सांगितलं ते तिने घेतलं. चूक कोणाची म्हणाल? मी म्हणेन, त्या खुर्चीची, जिला 'एका गावात एकही सायकल नाही' हे वाचून नवल वाटलं नाही.

साहेबाने मात्र ते मनावर घेतलं. "कडेचं काम अजून बाकी आहे," तो म्हणाला. "मी तुमच्या गावात पुन्हा विचारायला माणूस पाठवतो. याच आठवड्यात. पण या वेळी सायकल म्हणा. पुन्हा गाडी म्हणालात तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

किती सोपं वाटतं ना? एक शब्द बदलायचा. सरूलाही तसंच वाटलं. मारुतीच्या देवळात गाव जमलं, तेव्हा कळलं शब्द किती जड असतो.

"आपल्या तोंडानं सांगायचं, आमच्याकडे सायकल हाय म्हनून?" एकजण म्हणाला. "बाजूच्या वाडीवाले हसतील."

बाबाजी नावाचा एक शेतकरी उठला. "माझ्या पोराचं जमत आलंय. मी सोयऱ्यांना सांगितलंय, पोराकडे गाडी हाय."

"खोटं कशाला सांगितलंस?" केरूने विचारलं.

"खोटं कुठं? हाय ना गाडी! मी काय पेट्रोलची म्हटलं का?"

सगळं देऊळ हसलं. पण हसून झाल्यावर सगळे विठूकडे बघायला लागले. शब्द त्याचा होता. सुटला तर त्याच्याच तोंडून सुटणार होता.

विठू काठी टेकत उभा राहिला. "मी मिठागरातनं आलो," तो म्हणाला. "त्या गाडीवर बसून मी मानूस झालो. कोन पुसायला आलं तं मी गाडीच सांगनार. मी मेल्यावर काय म्हनायचं ते म्हना."

आणि तो घरी निघून गेला. सरू देवळाच्या पायरीवर माझी मूठ धरून बसून राहिली. रडली नाही. घंटीचा खटका अंगठ्याने दाबत राहिली, पण वाजू दिला नाही.

मला विठूचा राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही आला. माझी अब्रू राखणारा तो एकटाच होता. पण त्याने राखलेल्या अब्रूखाली त्याचीच सून चिरडणार होती, हेही मला दिसत होतं. मी काय करणार? मला घंटी आहे, तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी सरू शेतावर गेली, आणि विठूने मला पडवीतून बाहेर काढलं. कोणाला सांगितलं नाही. "बघतो ना," माझ्याशी पुटपुटला, "कसा रस्ता मानूस खातो ते." गुडघ्यांची काडकाड ऐकू येत होती. पहिल्या दोन खेपांना पाय दांडीवरून गेलाच नाही. तिसऱ्यांदा गेला. किती वर्षांनी तो माझ्यावर बसला होता! त्याचं वजन निम्मं झालं होतं. पण बसायची तऱ्हा तीच, थोडी डावीकडे, मागे कोणीतरी बसलंय आणि तिला धक्का लागू नये अशी.

गावाच्या वळणावरून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. थोडं अंतर बरं गेलं. त्याने घंटीसुद्धा वाजवली, उगाच, रिकाम्या रस्त्यावर. मग मागून टँकरचा भोंगा आला. विठूने सवयीने मला डावीकडे घेतलं. हँडलला ती जुनी साइडपट्टी अजून पाठ होती. पण तिथे साइडपट्टी नव्हती. चाक हवेत गेलं आणि आम्ही दोघं खडीवरून घसरत चरात.

टँकर थांबला नाही. क्लीनरने खिडकीतून मान काढली आणि तो ओरडला,

"ए सायकल! मरायला आलास का?"

विठू चिखलात बसला होता. हाडबीड मोडलं नव्हतं. कोपर सोललं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी सायकल म्हटलं होतं. मला नव्हे, त्याला. गावात त्याने चाळीस वर्षं सगळ्यांना गाडी म्हणायला लावलं, पण या रस्त्याला ते ठाऊकच नव्हतं. रस्त्याच्या लेखी तो सायकल होता आणि त्याने बाजूला मरायचं होतं.

आम्ही चालत परत आलो. त्याने मला विहिरीवर नेलं आणि धुतलं. तारा एकेक करून, मडगार्डच्या आतली माती काडीने काढून. कृष्णाबाई गेल्यापासून त्याने मला असं धुतलं नव्हतं. सरू आली, तिने त्याचं कोपर बघितलं, माझं वाकलेलं पायडल बघितलं. मग ती हळद आणायला आत गेली.

पाहणीवाला आला तेव्हा अख्खा गाव देवळापुढे उभा होता. माणूस नवीन होता, उन्हाने लाल झालेला. सुरुवात कोणी करायची म्हणून सगळे एकमेकांच्या पाठीमागे सरकत होते. विठू मला हाताने ढकलत गर्दीतून पुढे आला.

"आजोबा, घरात वाहन कोणतं?"

विठूने घसा खाकरला. त्याचा हात माझ्या सीटवर होता. सरूने मान खाली घातली.

"सायकल," विठू म्हणाला.

त्याचा आवाज बसला होता. माणसाला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"सायकल! सायकल लिवा. काळी, जुनी, दांडीची सायकल. हिच्यावर मी कंपनीत गेलो, हिच्यावर माझी बायको आली, हिच्यावर माझी सून कामाला जाते. आनि तिला जायाला रस्त्यात जागा नाय, हे पन लिवा. त्याला रकाना नसल तं बाजूला लिवा."

मग काठी टेकवून तो बाबाजीकडे वळला. "सांग रे तू. लाजतोस काय? मला काल टँकरवाल्यानं सायकल म्हटलं. मी मेलो का?"

बाबाजीने टोपी सारखी केली. "सायकल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दोन हायत."

त्यानंतर नुसता धबधबा. सायकल, सायकल, सायकल. पुतळी म्हणाली, रंभा प्लास्टरचा हात वर करून म्हणाली. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती तेही म्हणाले, मोटारसायकल हाय, पन बायको सायकलवर जाते, तिची पन धरा. मित्रांनो, मी त्या दिवशी माझं नाव पहिल्यांदा ऐकलं, सगळ्या गावाच्या तोंडून. ते गाडीपेक्षा मोठं होतं.

साहेबाने शब्द पाळला. वरच्या कचेऱ्यांत त्याला काय ऐकून घ्यावं लागलं ते मला माहीत नाही. पण गावाच्या वळणापासून धाटावच्या कंपन्यांपर्यंत रस्त्याच्या एका अंगाला पट्टी आली. डांबराच्या पातळीला, पांढऱ्या रेघेच्या आत, आमच्यापुरती. एकाच अंगाला. दुसऱ्या अंगाला म्हणे जागा नव्हती. टँकरला वळायला होती, आम्हाला नव्हती. तरी आली. पट्टीसाठी माणसं कडेला चुन्याची रेघ मारू लागली तेव्हाच विठूने माझं पायडल केरूकडून सरळ करून आणलं आणि मला सरूच्या दारात उभं केलं. ठेकेदाराने दिलेल्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. तो म्हणाला, "जा. कड आनलीस."

रंभाला तिची जागा परत मिळाली नाही. ती दुसऱ्या कंपनीत कामाला लागली, तिचा हात थोडा वाकडा बसला आहे, पण ती आमच्याच पट्टीवरून जाते. बाबाजीच्या पोराचं लग्नही झालं. सोयऱ्यांनी कानोसा घेतला तेव्हा मुलीनेच निरोप धाडला होता, 'सायकल हाय हे कळलं. दांडीची की बिनदांडीची तेवढं कळवा.'

सुखाचा शेवट झाला असं समजू नका. पट्टीवर टेम्पो उभे करतात. वडापावची गाडी लागते, आणि त्या गाडीला मात्र सगळे बरोबर बघतात. सरू आणि तिच्या मैत्रिणी तिथे पोचल्या की उतरत नाहीत. रांगेने उभ्या राहून घंट्या वाजवतात, टेम्पोवाला सरकेपर्यंत वाजवतात. "अगं ताई, दोन मिनिटं!" तो म्हणतो. "आमचा पन रस्ता हाय दादा," पुतळी म्हणते, आणि घंटी चालूच.

आणि पट्टी कंपन्यांच्या फाटकापाशी संपते. पुढे रोह्याचा बाजार आहे, कुंडलिका नदीवरचा पूल आहे, नागोठणं आहे, पेण आहे. ज्या रस्त्याने विठू मला घेऊन आला, त्या रस्त्यावर आज मला उभं राहायला वीतभर जागा नाही. शाळेतल्या पोरी जातात तिथून, दूधवाले जातात, पापडाची ओझी नेणाऱ्या बायका जातात. सरकार दर वर्षी पोरींना शाळेत जायला माझ्या बहिणी वाटतं, फोटो काढतं. पोरीला सायकल देता आणि सायकलला रस्ता देत नाही? मग दिलंत काय तुम्ही तिला? मुंबईत बसलेल्यांना आणि दिल्लीत बसलेल्यांना माझा हा एवढाच प्रश्न आहे. त्याला धोरण लागत नाही, लाज लागते.

विठू आता फार थकला आहे. ओट्यावर बसलेला असतो. सरूची शिफ्ट सुटायची वेळ झाली की कान रस्त्याकडे लावतो. परवा शेजारचं एक पोर माझ्या मडगार्डला हात लावून म्हणालं, "आजोबा, ही तुमची गाडी?"

विठूने त्याला थांबवलं. जसं चाळीस वर्षं थांबवत आला तसंच, बोट वर करून.

"गाडी नाय. सायकल म्हन. मोठ्यानं म्हन."

मित्रांनो, मला तेल द्या, हवा भरा, पावसात उभी करू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला दुसरं मागायचं आहे. उद्या तुमच्या दारात कोणी हातात पेन घेऊन येईल आणि विचारेल, कशाने जाता? तेव्हा लाजू नका. मला बाहेर आणून त्याच्यासमोर उभी करा, आणि माझं नाव सांगा.